काच आणि बीड : न सांगता तुटणाऱ्या दोन वस्तू

मागच्या वेळी आपण दगडी कोळशावर लोखंड कसं वितळायला लागलं, तिथपर्यंत आलो होतो. आज त्या वितळलेल्या लोखंडाचं पुढे काय झालं ते बघायचं आहे, आणि ते बघताना त्याच्या शेजारी आणखी एक वस्तू ठेवायची आहे. ती म्हणजे काच. ही जोडी काहींना विजोड वाटेल, म्हणून आधी एक साधा प्रश्न विचारतो.

एका हातात काचेचा पेला आहे, दुसऱ्या हातात बिडाचा तवा. दोन्ही हातांतून सुटले आणि फरशीवर पडले. पेला फुटणार, यात वाद नाही. तव्याचं काय? ज्यांच्या घरी बिडाचा तवा आहे त्यांना माहीत असेल, तोही फुटू शकतो. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, कड वाकते. बिडाचा तवा वाकत नाही. तो एक तर शाबूत राहतो, नाही तर दुभंगतो, मधलं काही नाही. आजचं सगळं व्याख्यान या 'मधलं काही नाही' या गोष्टीबद्दल आहे.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो, थोडं सिलिकॉन असतं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस तापमान लागतं, पण एवढा कार्बन मिसळला की ते ११५० ते १२०० अंशांच्या आसपासच पातळ होतं. म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येतं आणि हवा तो आकार मिळतो. खांब, नक्षीची जाळी, यंत्राचा सांगाडा, काहीही. घडीव लोखंडाचं तसं नव्हतं. ते लोहाराने ठोकून ठोकून घडवायचं, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांचा रस. तीही भट्टीत पातळ होते, तीही हवा तो आकार घेते. म्हणजे दोन्ही पदार्थ भट्टीतून रस होऊन येतात, स्वस्तात आणि मोठ्या संख्येने सारख्या आकाराच्या वस्तू देतात. एकोणिसाव्या शतकाला नेमकं हेच हवं होतं.

आता आतून ते कसे आहेत बघा. लोखंड थिजताना त्याचे स्फटिक बनतात, अणू रांगेत लागतात. काचेत तशी रांग लागतच नाही. ती थंड होत होत घट्ट होत जाते आणि रसाचा अस्ताव्यस्तपणा तसाच गोठून राहतो. म्हणून काचेला ठरावीक वितळबिंदू नसतो, ती हळूहळू मऊ होते. लोखंड वजनाने काचेच्या जवळजवळ तिप्पट जड. लोखंडातून उष्णता झपाट्याने पसरते, काचेतून फार सावकाश. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता, त्या पिढीला हे सांगायला नको. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की तड असा आवाज यायचा, कारण थेंबाखालची काच आकसायला लागते आणि शेजारच्या काचेला त्याचा पत्ताच नसतो.

इतका फरक असूनही एका बाबतीत हे दोघे सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही दाब चालतो, ताण चालत नाही. एकोणिसाव्या शतकातलं बीड एका चौरस सेंटिमीटरवर सहा-सात टन दाब सहन करायचं, पण ओढलं तर एक-दीड टनातच तुटायचं. काचेचं तर याहून टोकाचं. दाबात ती चौरस सेंटिमीटरला दहा टनांच्या आसपास पोचते, म्हणजे त्या बिडापेक्षा सरस. पण तिला ओढा किंवा वाकवा, व्यवहारात काहीशे किलोंवर भरवसा ठेवता येत नाही. आणि दोघेही तुटण्याआधी वाकून, ताणून, करकरून इशारा देत नाहीत. घडीव लोखंड देतं. लाकूडही देतं. आपल्याकडे जुन्या माळ्याचा वासा करकरला की माणसं बाहेर पळायची. बीड करकरत नाही.

हा गुण जुन्या कारागिरांना अनुभवाने माहीत होता. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलजवळ सेव्हर्न नदीवर १७७९ साली बिडाचा पहिला मोठा पूल उभा राहिला. गाळा सुमारे १०० फुटांचा. त्याचा आकार कमानीचा आहे, दगडी पुलासारखा. कमानीत प्रत्येक तुकडा शेजारच्याला दाबत असतो, कुणी कुणाला ओढत नाही. तो पूल आजही उभा आहे. त्या लोकांनी गणित केलं म्हणून नव्हे, तर दगडाची कमान जशी बांधतात तशीच बिडाची बांधली म्हणून.

घोळ झाला तो कमानीकडून तुळईकडे जाताना. तुळई दोन टोकांवर ठेवली आणि मध्ये वजन ठेवलं की ती किंचित वाकते. वाकताना तिची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. दगडाची लांब तुळई कुणी करत नाही, हे त्यामुळेच. पण बिडाची करायला लागले, कारण रेल्वेला सपाट पूल हवे होते आणि ते घाईने हवे होते. मँचेस्टरच्या ईटन हॉजकिन्सन यांनी १८३०च्या सुमारास बिडाच्या तुळया मोडून मोडून प्रयोग केले आणि सांगितलं, की तुळईची खालची पट्टी वरच्या पट्टीच्या जवळजवळ सहापट जाड करा. बीड दाबात ताणापेक्षा सहापट बळकट, म्हणून ताणाच्या बाजूला सहापट माल. हिशोब सरळ आणि सुंदर. पण तो धरून आहे तोपर्यंतच, जोपर्यंत ओतीव कामात आत खोट नाही, पोकळी नाही, आणि वजन आपण धरलं तेवढंच येतं आहे.

चेस्टर गावाजवळ डी नदीवरचा रेल्वेपूल रॉबर्ट स्टीफन्सनचा. त्या काळात इंजिनिअर म्हणून याच्याहून मोठं नाव नव्हतं. तीन गाळे, प्रत्येक ९८ फुटांचा. एवढी लांब तुळई एका ओतात होत नाही, म्हणून तीन तुकडे बोल्टांनी जोडले होते आणि आधाराला घडीव लोखंडाच्या सळ्या लावल्या होत्या. २४ मे १८४७ या दिवशी पुलावरच्या लाकडाला ठिणग्यांनी आग लागू नये, म्हणून रुळांखाली खडी पसरण्यात आली. हेतू चांगलाच होता. पण पुलावर आणखी कित्येक टन वजन पडलं. त्याच संध्याकाळी गाडी जाताना तुळई तुटली. इंजिन पलीकडे पोचलं, मागचे डबे नदीत गेले. पाच माणसं मेली.

स्टीफन्सनचं म्हणणं होतं, की आधी डबा रुळावरून घसरला आणि त्याच्या धक्क्याने तुळई तुटली. हे पटवून घेणं सोपं होतं, कारण तुटण्याआधी कुणी काही वाकलेलं पाहिलं नव्हतं. पण ज्या पदार्थात वाकणंच नाही, तिथे वाकलेलं कोण बघणार? चौकशीसाठी आलेल्या लष्करी इंजिनिअरांना हे स्पष्टीकरण पटलं नाही. सरकारने रेल्वेतल्या लोखंडाच्या वापरावर आयोग नेमला, त्याचा अहवाल १८४९ साली आला. लांब गाळ्यांच्या पुलांसाठी बिडाच्या तुळया मागे पडून घडीव लोखंड पुढे यायला लागलं, ते तेव्हापासून.

आता काचेकडे वळू, कारण नेमकी याच सुमाराला काच मोठी झाली. ब्रिटनमध्ये काचेवर वजनावर अबकारी कर होता. जितकी जाड काच तितका कर जास्त. तो १८४५ साली उठला. खिडक्यांवरचा करही १८५१ साली गेला. आणि त्याच १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. त्याची इमारत म्हणजे क्रिस्टल पॅलेस. तिचा आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. हा मूळचा माळी. चॅट्सवर्थला एका उमरावाच्या बागेत त्याने विलायती हवेत न टिकणाऱ्या झाडांसाठी मोठमोठी काचघरं बांधली होती.

इमारतीची लांबी १८४८ फूट, रुंदी ४०८ फूट. सुमारे ३,३०० बिडाचे खांब आणि जवळजवळ नऊ लाख चौरस फूट काच. काच बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सची, तोंडाने फुंकून नळकांडी करायची, उभी कापायची आणि भट्टीत सपाट करायची अशा पद्धतीची. एवढी मोठी काच या पद्धतीने मिळत होती, म्हणून तर इमारत झाली.

ही आकडेवारी आपल्याला पाठ असते. मला त्यात एकच माप फार महत्त्वाचं वाटतं. काचेची प्रत्येक पट्टी ४९ इंच लांब होती, पण रुंदी फक्त १० इंच. एवढी अरुंद का? तर वाऱ्याच्या किंवा गारांच्या माऱ्याने काच वाकते तेव्हा तिच्यात जो ताण येतो, तो दोन आधारांमधल्या अंतराच्या वर्गाने वाढतो. अंतर दुप्पट केलं तर ताण चौपट. पॅक्स्टनने दर दहा इंचांवर लाकडाची बारीक पट्टी देऊन काचेला दोन्ही लांब बाजूंनी आधार दिला. लोखंडाची चौकट दिली असती तर ऊन लागल्यावर दोघांच्या फुगण्यातल्या फरकाने आणि लोखंडाच्या कडकपणाने काच चिरडली असती. लाकूड जरा सैल बसतं, दबतं. शिवाय छप्पर सपाट न ठेवता डोंगर-दरीसारखं घडीचं केलं, म्हणजे पाणी साचत नाही. सुमारे ऐंशी कामगारांनी एका आठवड्यात अठरा हजारांहून जास्त काचा बसवल्याची नोंद आहे. पन्हळींवरून चालणारे गाडे केले होते, त्यात बसून ते काम करायचे. काचेची एवढी बडदास्त ठेवली गेली, कारण काचेवर कुणाचाच विश्वास नव्हता.

पण इथे बिडावरही विश्वास ठेवला नाही, आणि ते श्रेय कंत्राटदार फॉक्स अँड हेंडरसन यांना दिलं पाहिजे. डीचा पूल पडून चारच वर्षं झाली होती. बिडाच्या तुळया फक्त २४ फुटांच्या ठेवल्या. त्याहून लांब गाळ्यांना घडीव लोखंड आणि लाकूड वापरलं. जागेवर आलेली प्रत्येक तुळई वर चढवण्याआधी पाण्याच्या दाबयंत्रात घालून तिच्यावर ठरल्यापेक्षा जास्त वजन देऊन बघितली जायची. म्हणजे तुटायचीच असेल तर जमिनीवर तुटू दे. खांब पोकळ होते, बाहेरून सगळे सारख्या जाडीचे, आतून भिंत कमी-जास्त. त्यांच्यावर फक्त दाब यायचा, आणि छपराचं पाणीही त्यांच्यातूनच खाली उतरायचं. तरीही राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी म्हणत होते की इमारत पडणार. शेवटी सज्ज्यांवरून सैनिक चालवले, तोफगोळ्यांनी भरलेले गाडे फिरवले, तेव्हा लोकांची खात्री पटली. इमारत पडली नाही. पुढे ती सिडनहॅमला हलवली आणि १९३६ साली आगीत गेली, तो भाग वेगळा.

क्रिस्टल पॅलेसची रेखाटनं करणाऱ्यांत रोलंड मेसन ऑर्डिश नावाचा इंजिनिअर होता. मुंबईत काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन ही मोडकळीला आलेली इमारत तुम्ही पाहिली असेल. तेच जुनं वॉटसन हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. तिचा आराखडा या ऑर्डिशचा. सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आणला आणि १८६९च्या सुमारास उभा केला. हीही लहान गाळ्यांची, बऱ्याच खांबांची इमारत आहे. इतकी वर्षं ती उभी राहिली त्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं. २००५ साली तिचा काही भाग कोसळून एकाचा जीव गेला, २०१९ साली रहिवाशांना तिथून बाहेर काढावं लागलं. दीडशे पावसाळे, खारी हवा आणि आतल्या बेसुमार फेरफारांनंतरची ही अवस्था आहे. ती मूळ आराखड्याची चूक म्हणता येणार नाही.

मग १८४७चा धडा सगळे शिकले का? नाही. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या मुखावर टॉमस बाउचने जवळजवळ दोन मैलांचा रेल्वेपूल बांधला. या वेळी तुळया घडीव लोखंडाच्या होत्या, म्हणजे धडा अर्धा लक्षात होता. बीड होतं ते फक्त उंच खांबांत. खांबावर दाबच येतो, मग काय बिघडलं? बिघडलं ते असं, की वारा आडवा येतो. खांबांना तिरप्या सळ्यांनी एकमेकांना बांधलं होतं, आणि त्या सळ्या खांबालाच ओतलेल्या छोट्या कानांना बोल्टने अडकवल्या होत्या. वारा सुटला की सगळा ताण त्या बिडाच्या कानांवर. म्हणजे कमकुवत पदार्थ, त्याची सगळ्यात कमकुवत बाजू, आणि तीही नेमक्या जोडाच्या जागी.

२८ डिसेंबर १८७९च्या रात्री वादळात गाडी पुलावर असताना मधले तेराही उंच गाळे कोसळले. गाडीतलं कुणीही वाचलं नाही. मृतांचा आकडा साठ ते पंचाहत्तर असा वेगवेगळा दिला जातो. चौकशीत डेव्हिड किर्काल्डी यांनी ते कान आपल्या यंत्रावर ओढून पाहिले. जिथे साठ टनांची अपेक्षा होती, तिथे ते वीसेक टनांत तुटत होते. बोल्टची भोकं ओतताना निमुळती झाली होती, त्यामुळे बोल्ट एका कडेवर टेकायचा. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की ओतकामात राहिलेल्या पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या लुकणाने बुजवून वर घासून चकचकीत केल्याचं साक्षीत निघालं. काचेत बुडबुडा असला तर गिऱ्हाईक परत देतं, कारण तो दिसतो. बिडातला बुडबुडा दिसत नाही. माझ्या मते या दोन पदार्थांच्या इतिहासातला खरा फरक हाच आहे. काच नाजूक म्हणून सगळ्यांनी जपली. बीड 'लोखंड' म्हणून ओळखलं गेलं आणि त्या नावावरच लोकांनी भरवसा टाकला.

दोघांचं दुखणं एकच का, हे कळायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. कापडाच्या दुकानात बघा. नवं कोरं कापड दोन हातांनी ओढून फाटत नाही. दुकानदार कडेला कात्रीने बारीकशी खाच मारतो आणि मग टर्रकन फाडतो. काच कापणारा हेच करतो. हिऱ्याच्या टोकाने एक रेघ ओढतो आणि अलगद मोडतो. खाचेच्या टोकाशी ताण गोळा होतो, आणि जिथे पदार्थ वाकून, सैल होऊन त्या टोकाला बोथट करू शकत नाही, तिथे खाच धावत सुटते. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ॲलन ग्रिफिथने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचं गणित मांडलं. त्याने प्रयोगाला काच निवडली. काचेच्या अणूंमधले बंध बघता ती व्यवहारातल्यापेक्षा कितीतरी पट मजबूत असायला हवी. मग ती एवढी कमी का? त्याचं उत्तर होतं, की काचेच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे ओरखडे आधीपासूनच असतात. त्याने काचेचे ताजे, अगदी बारीक तंतू ओढले, तर सगळ्यात बारीक तंतू साध्या काचेच्या जवळजवळ वीसपट ताण घेत होते. एवढ्या बारीक तंतूत मोठा ओरखडा मावायलाच जागा नसते.

बिडात तडा बाहेर शोधायची गरजच नाही. तो आत भरलेला असतो. बीड सावकाश थिजलं की जास्तीचा कार्बन ग्राफाइट होऊन वेगळा पडतो, चुरमुऱ्यासारख्या वाकड्यातिकड्या पापुद्र्यांच्या रूपात. पेन्सिलीतलंच ग्राफाइट ते, त्याला ताकद नाही. म्हणजे लोखंडात हजारो बारीक चिरा घालून ठेवल्यासारखं झालं. दाबलं की चिरा मिटतात आणि वजन पलीकडे जातं. ओढलं की उघडतात.

आणि इलाज? दोघांवर निघाला, दोन वेगळ्या दिशांनी. काचेच्या पृष्ठभागावर ओरखडे राहणारच, मग तो पृष्ठभाग कायमचा दाबात ठेवा. तापलेली काच बाहेरून झटकन थंड केली की आधी साल घट्ट होते, मग आतला गाभा आकसताना तिला आत खेचतो. १८७४च्या सुमारास दे ला बास्ती या फ्रेंच माणसाने तापलेली काच तेलात बुडवून हे केलं. आज दुकानाच्या काचेच्या दारात हीच युक्ती आहे, फक्त तेलाऐवजी हवेचे झोत. बिडाला मात्र झटकन थंड करून चालत नाही, ते आणखी ठिसूळ होतं. तिथे चिरेचा आकारच बदलावा लागला. १९४३ साली अमेरिकेत कीथ मिलिस यांना दिसलं, की रसात थोडं मॅग्नेशियम घातलं की ग्राफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात थिजतं. गोल गोळीला टोक नाही, मग ताण गोळा होणार कुठे? ही गोष्ट १९४८ साली जाहीर झाली. आज शहरांच्या पाण्याच्या मोठ्या नळांत आणि गाड्यांच्या क्रँकशाफ्टमध्ये हे बीड असतं. ते तुटण्याआधी वाकतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मडकं घेताना आपण वाजवून बघतो, तसा बिडाचा तवाही वाजवून घ्यावा का?)

चांगला प्रश्न आहे. काच खणखणीत वाजते, तडा गेला की बद्द वाजते. साधं बीड मुळातच जरा बद्द वाजतं, कारण तेच ग्राफाइटचे पापुद्रे आवाज पिऊन टाकतात. यंत्रांच्या बैठका बिडाच्या करतात त्या त्यामुळेच, थरथर कमी होते. म्हणून तव्याच्या आवाजावर एकट्यावर विसंबू नका. उलट कोल्हापूरकडच्या फौंड्रीतल्या अनुभवी माणसाला गोळ्यांचं बीड आणि साधं बीड हातोडीच्या टोल्यावर ओळखू येतं, गोळ्यांचं बीड पोलादासारखं वाजतं. तव्याला तडा असल्याची शंका असेल तर थोडं पातळ तेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी कापडाने कोरडं पुसा आणि वरून खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी आस तपासायला हीच पद्धत होती.